भटू नानांचं डांगर

भटू नाना भामरे एसटीत कंडक्टर होते हे आमच्या कॉलनीत कुणाला सांगावं लागत नाही. माणूस निवृत्त झाला, आवाज अजून ड्यूटीवर आहे. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्याला म्हणतात, जरा आत सरका. दवाखान्यात नंबर लावून बसले की नव्यानं आलेल्याला सांगतात, मागे जागा आहे. त्यांची बायको लिलाबाई हे सगळं पूर्वी साप्ताहिक सुटीपुरतं सोसायच्या. निवृत्तीनंतर ते रोजचं झालं. कपाटातले डबे कुठल्या क्रमानं लावावेत, कामवालीनं आधी कुठली खोली झाडावी, कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजाव्यात, सगळ्यात नाना. त्यामुळे कॉलनीत सार्वजनिक बाग सुरू झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद लिलाबाईंना झाला. बागकामाची आवड त्यांना अजिबात नव्हती.

ही बाग म्हणजे आमची ओपन स्पेस. जळगावात प्रत्येक कॉलनीला अशी एक मोकळी जागा असते. नकाशावर तिथे बगीचा असतो आणि प्रत्यक्षात गाजरगवत, शेळ्या आणि कुणीतरी घर पाडल्यावर आणून टाकलेला मलबा. आमची जागा साफ झाली ती बेबाबाई सुरवाडे यांच्यामुळे. त्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते आणि थोडी घाबरते. सिस्टरांनी महानगरपालिकेत खेटे घालून परवानगी आणली, बंद पडलेली बोअर सुरू करून घेतली, आणि ज्यांची ज्यांची गावाकडे शेती होती त्यांच्याकडून ठिबकच्या जुन्या नळ्या मागवल्या. ज्याला हवा त्यानं एक वाफा घ्यायचा, त्यात हवं ते लावायचं, आणि जे येईल ते सगळ्यांनी वाटून खायचं. कुंपणाकडेला पोकळा आणि मेथी, ती रस्त्यानं जाणाऱ्या कुणीही मूठभर खुडून न्यावी. पहिल्याच हिवाळ्यात भरताची वांगी अशी आली की बागेतच काट्या पेटवून, वांगी भाजून, सगळ्यांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी भरीत खाल्लं.

त्या हिवाळ्यात नानांनी वाफा घेतला नव्हता. त्यांनी पाण्याचं व्यवस्थापन घेतलं होतं, तेही स्वतःहून. सकाळी पंप सुरू झाला की नाना शिट्टी घेऊन उभे. एक शिट्टी वाजली की डाव्या हाताचे वाफे, दोन वाजल्या की उजव्या. बायका वैतागल्या. पाईप एखादीच्या वाफ्यात जरा जास्त वेळ राहिला की नाना लांबून ओरडायचे, चला, पुढच्या प्रवाशाला जागा द्या. शेवटी सिस्टरांनी त्यांना कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि शांतपणे सांगितलं की झाडांना रांग कळत नाही, तेव्हा आता तुम्हीच एक वाफा घ्या, म्हणजे तोंड मातीकडे राहील.

नानांना हा अपमान वाटला नाही. त्यांना ती बढती वाटली. ते म्हणाले, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला शिकवायची गरज नाही.

हे खरंच होतं. धुळ्याकडे, बोरी नदीच्या काठी त्यांचं गाव. पण शेती करायचे ते थोरले भाऊ झुलाल आबा. नानांचा शेतीशी संबंध म्हणजे लहानपणी शेतात आबांची भाकरी पोचवायची, आणि लिलाबाईंनी सासूकडून ऐकलं होतं त्याप्रमाणे तीही वाटेत अर्धी संपायची. मिसरूड फुटायच्या आत ते गाव सोडून शिकायला आले, एसटीत लागले आणि जळगावचेच झाले.

वाफा मिळाल्यावर नानांनी जाहीर केलं की मी डांगर लावणार.

आमच्या खानदेशात डांगर म्हणजे खरबूज. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत त्याचे वेल लावतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचा मान असतो. गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरायची आणि तिच्यावर डांगर ठेवायचं अशी रीत आहे. तेव्हा नानांच्या घोषणेत कुणाला वावगं वाटलं नाही. कमलबाई फेगडे, यावलच्या केळीवाल्या घरातल्या, त्या एवढंच म्हणाल्या की काळ्या मातीत डांगर जरा रुसतं. नानांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बी जळगावात कुठल्याही कृषी केंद्रात मिळालं असतं. पण दुकानातलं सगळं हायब्रीड असतं आणि हायब्रीडला चव नसते असा नानांचा ठाम विश्वास. गावरान बी हवं. त्यांनी पुण्याला मुलाकडे, कुंदनकडे फोन लावला. कुंदनची बायको पुनम साताऱ्याकडची, तिच्या वडिलांची शेती. फोन तिनंच उचलला. लग्न झाल्यापासून सासऱ्यांनी तिच्याकडे काही मागितलं असेल तर ते हेच, त्यामुळे पोरीनं ते फार मनावर घेतलं. माहेरी निरोप धाडला, वडिलांनी घरचं राखलेलं बी काढून दिलं, आणि आठवडाभरात कुरिअरनं पुरचुंडी आली. वर पुनमच्या अक्षरात लिहिलं होतं, 'डांगर, घरचं'.

लिलाबाईंनी पुरचुंडी सोडली. बी पांढरंशुभ्र, चपटं आणि अंगठ्याच्या नखाएवढं होतं. त्या म्हणाल्या, डांगराचं बी एवढं मोठं नसतं. नाना म्हणाले, गावरान बी मोठंच असतं. लिलाबाईंनी पुरचुंडी परत बांधली. एवढ्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्यांना चांगलं कळायला लागलं होतं.

महाशिवरात्रीच्या सुमाराला नानांनी बी टोचलं. चांगलं शेणखत घातलं, वर उसाच्या पाचटाचं पांघरूण केलं. कोंब आले तेव्हा त्यांनी प्रत्येकाला हाताला धरून नेऊन दाखवले. कमलबाईंना नेलं त्या दिवशी वेलाला खरी पानं फुटली होती. कमलबाई वाकल्या, पान दोन बोटांत धरून पाहिलं, आणि विचारलं, "नाना, हे डांगर व्हय का?"

"डांगरच," नाना म्हणाले.

"पान लय मोठ्ठं दिसी राह्यलं."

नाना म्हणाले, शहराच्या पाण्यात ताकद असते. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला, बरं म्हणाल्या आणि सरळ सिस्टरांच्या वाफ्याकडे गेल्या. ते गंगाफळ होतं. भंडाऱ्याच्या पंगतीत ज्याची भाजी असते ते गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा. साताऱ्याकडे लाल भोपळ्यालाच डांगर म्हणतात, हे कमलबाईंना त्यांच्या पंढरीकडच्या कुण्या ओळखीच्या बाईकडून कधीतरी कळलेलं होतं. जे मागितलं तेच पुनमनं पाठवलं होतं. नानांनी मागितलं तेही बरोबरच होतं. मधल्या वाटेत कुठेतरी फळ बदललं.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या बागेला हे कळलं. नानांना सोडून.

खरं तर तेव्हाच कुणीतरी सांगून टाकायला हवं होतं. पण नानांनी हिवाळाभर ज्यांच्यावर शिट्ट्या वाजवल्या होत्या, त्यांना थोडी मजा हवी होती. होळी झाली, ऊन तापायला लागलं. आमच्याकडे मार्च सरता सरताच दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा बागेत जी काय वर्दळ असते ती सकाळी. बायका उजाडताच बागेतल्या सिमेंटच्या ओट्यावर प्लास्टिक अंथरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापायच्या, आणि थापता थापता नानांना विचारायच्या, काय नाना, डांगर काय म्हणतंय? नाना लगेच सुरू. डांगराला दुपारचं पाणी चालत नाही. डांगराच्या वेलाला हात लावताना अंगावर सावली पडू देऊ नये. डांगर पिकलं की वास येतो, तो ओळखायला नाक तयार लागतं. बायका बिबड्यांवर मान खाली घालून हसू दाबायच्या आणि म्हणायच्या, हो का.

वेल मात्र जोमात होता. कडुनिंबाच्या बुंध्याला वळसा घालून तो शेजारच्या वांग्यात शिरला, तिथून कुंपणावर चढला. पिवळीजर्द फुलं आली, तळहाताएवढी. डांगराचं फूल असतं नखाएवढं. नानांनी फुलांचे फोटो काढून जुन्या डेपोतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकले. तिथले शेतकरी कंडक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, पण दोन दिवस ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रीघ लागली होती आणि नाना त्याला कौतुक समजले.

मग फुलं गळायला लागली. नाना कासावीस. रोज सकाळी गळलेली फुलं ओंजळीत घेऊन बाकावर बसायचे. कमलबाईंना ते बघवेना. एका पहाटे नाना यायच्या आधी त्यांनी नर फूल तोडून मादी फुलावर फिरवलं. फळ धरलं. नाना म्हणाले, मी काल पाण्यात गूळ घातला होता, त्याचा गुण. कमलबाई म्हणाल्या, असेल.

सिस्टरांना हे आता पुरेसं वाटलं. त्यांनी आयुष्यभर रोग्यांना तोंडावर खरं सांगितलं होतं. एक दिवस सकाळी चहाचा थर्मास घेऊन त्या नानांच्या वाफ्याशी गेल्या. आज सांगून मोकळी होते, असं कमलबाईंना म्हणून गेल्या. नाना उकिडवे बसून लहानशा हिरव्या फळाखाली पाचट सरकवत होते. सिस्टरांनी कप पुढे केला आणि विषय काढायला म्हणून विचारलं की एवढं डांगरच का मनात आलं.

नानांनी हात झटकून कप घेतला. मग म्हणाले, "झुलाल आबा दिवाळीनंतर गेले ना. त्यांची ही पहिली आखाजी."

आणि मग त्यांनी सांगितलं. आबांची नदीत डांगरवाडी होती. नाना जळगाव–धुळे गाडीवर असायचे. आखाजी जवळ आली की आबा फाट्यावर डोक्याला उपरणं बांधून उभे राहायचे, काखेत डांगर. नाना घंटी ओढायचे, गाडी थांबायची, आबा खिडकीतून फळ आत द्यायचे आणि विचारायचे, बरा आहेस ना. एवढंच. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, गाडी सुटायची. वर्षानुवर्षं असं चाललं. नाना निवृत्त झाल्यावरही आबा कुणाच्या ना कुणाच्या हाती गाडीनं डांगर पाठवायचे. आबा नेहमी म्हणायचे की भटूच्या हाताला तिकिटाची शाई लागते, माती लागत नाही.

"या वर्षी त्यांच्या घागरीवर माझ्या हातचं ठेवतो," नाना म्हणाले. "बघू मग काय म्हणतात."

सिस्टर चहा संपवून परत आल्या. कमलबाईंनी खुणेनंच विचारलं, सांगितलं का? सिस्टरांनी थर्मासाचं झाकण घट्ट केलं आणि आपल्या गवारीला पाणी घालायला लागल्या. त्या दिवसापासून बागेतलं हसू बंद झालं नाही, पण जरा हळू झालं.

फळ वाढत गेलं. गोल, हिरवं, अंगावर पुसट रेघा. नानांनी बाकीची फळं काढून हे एकच ठेवलं होतं. ते रोज त्यावर वाकून वास घ्यायचे. वास काही येईना. आजूबाजूच्यांना बोलावून वास घ्यायला लावायचे, आणि सगळे गंभीरपणे वास घेऊन म्हणायचे, येईल, अजून वेळ आहे. एका संध्याकाळी तर कॉलनीतले निवृत्त मुख्याध्यापकसुद्धा चष्मा काढून गंगाफळाचा वास घेताना दिसले.

आखाजी आठवड्यावर आली तेव्हा नानांना वाटलं, ज्या पोरीनं बी दिलं तिला फळ दाखवलं पाहिजे. त्यांनी बागेतूनच पुनमला व्हिडिओ कॉल केला. बायका नेहमीप्रमाणे ओट्यावर होत्या. फोनचा आवाज नानांसारखाच, म्हणजे पूर्ण मोठा.

पुनम फळ बघून हरखली. म्हणाली, "बाबा, किती मस्त आलंय डांगर. आमच्याकडं सुद्धा एवढं नाही आलं. भाजी गोड होईल बघा."

"भाजी?" नाना म्हणाले.

"भाजी करा, घारगे करा. आई करतील ना घारगे? गूळ घालून, पिठात मळून."

नानांनी फोन जरा लांब धरला आणि फळाकडे पाहिलं. मग वेलाकडे पाहिलं. मग पानाकडे. ओट्यावर कुणी हलेना. नाना पुनमला म्हणाले की हो, घारगे करायला सांगतो, आणि फोन ठेवला. मग त्यांनी मान वर करून ओट्याकडे पाहिलं, आणि तिथला एकही चेहरा चकित झालेला नाही हे त्यांना दिसलं. कंडक्टरला चेहरे वाचता येतात. कुणाकडे तिकीट नाही हे ज्याला गाडीच्या दारातून कळायचं, त्याला हे कळायला वेळ लागला नाही.

नाना घरी गेले. लिलाबाई स्वयंपाकघरात होत्या. नानांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बी पाहिलं तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

लिलाबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही सकाळी उठून कुणाला तरी, वेलाला का होईना, विचारत होता, पाणी हवं का म्हणून. म्हटलं, चालू द्या."

 नाना आतल्या खोलीत कुलरसमोर जाऊन पडले. पुढचे काही दिवस ते बागेकडे फिरकले नाहीत. शिट्टी नाही, आवाज नाही, आणि गंमत अशी की बागेत कुणाला ते बरं वाटेना. पाण्याच्या पाळीवरून दोघींची चक्क भांडणं झाली. कमलबाई नानांच्या वेलाला पाणी घालून यायच्या. पुनमला इकडून तिकडून झाला प्रकार कळला आणि तिनं रडवेल्या आवाजात फोन केला. तिच्याशी मात्र नाना प्रेमानं बोलले. म्हणाले, तुझी काही चूक नाही बाळा, महाराष्ट्र मोठा आहे.

शेवटी सिस्टर घरी गेल्या. त्यांनी मलमपट्टी वगैरे केली नाही. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही होतं, मी सांगायला आले होते आणि सांगू शकले नाही, आता तुम्हाला रागवायचं असेल तर रागवून घ्या. पण आखाजी परवावर आली आहे. बाजारात नदीची डांगरं आली आहेत, मी चांगलं बघून आणून देते.

नाना म्हणाले, विकतचं डांगर गावी आबांकडे वहिनी आणेलच, त्यासाठी मी कशाला हवा.  मग उठले, विळा घेतला आणि बागेत गेले. सकाळ टळून गेली होती, ऊन भाजत होतं, बागेत कुणी नव्हतं. त्यांनी फळाचा देठ कापला. पिकायला आलेलं गंगाफळ दोन्ही हातांत मावत नव्हतं. एका जुन्या चादरीत त्याची गाठोडी बांधून आखाजीच्या आदल्या दिवशी नाना धुळ्याच्या गाडीत बसले.

कंडक्टर मयुरी नावाची एक तरुण बाई होती, छातीवर नावाची पट्टी होती म्हणून कळलं. नानांचं अर्धं तिकीट फाडून झाल्यावर तिनं गाठोडीकडे बोट केलं आणि लगेज लागेल म्हणून सांगितलं. याच नानांनी एके काळी कोंबडीचंसुद्धा लगेज घेतलं होतं आणि अंडी फुकट जातील असं वर म्हटलं होतं. पण आता ते वाद घालायला लागले. हे सामान नाही, फळ आहे, मांडीवर घेऊन बसणार आहे. मयुरी म्हणाली, "मांडीवर मावत असेल तर बसा, काका." नानांनी मांडीवर घेतलं. पहिल्याच ब्रेकला ते घरंगळून पुढच्या सीटखाली गेलं. नानांनी मुकाट लगेज काढलं, आणि तिकीट खिशात ठेवताना तिला विचारलं की डेपो कुठला. मनातून त्यांना ती फार आवडली होती.

एरंडोलपर्यंत गाडीत सगळ्यांना गंगाफळ माहीत झालं होतं. एक म्हातारी म्हणाली, बिया फेकू नका, भाजून खा. एकानं भाव विचारला. कशासाठी नेताय, हे मात्र नानांनी कुणाला सांगितलं नाही.

फाट्यावर उतरून रिक्षानं गावात पोचेपर्यंत दुपार झाली. आबांची बायको, सुमनबाई, ओट्यावर घागर धुऊन पालथी घालत होती. नानांना बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काय आणलंय ते विचारत गाठोडीकडे पाहिलं.

"काय लई उना रे भटू?"

नानांनी गाठ सोडली. वाटभर त्यांनी काहीतरी जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. "डांगर लायं व्हतं वहिनी," ते म्हणाले. "गंगाफय निंघनं."

सुमनबाईनं फळाकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली. आबा गेल्यापासून ती हसली नव्हती असं नंतर शेजारणीनं सांगितलं. हसता हसता ती ओट्यावर बसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुना भाऊ तरी कोठे लावत व्हता?"

नानांना कळेना. मग तिनं सांगितलं. नदीतली डांगरवाडी केव्हाच मोडली होती. वाळू ट्रॅक्टरनं गेली, पाणी आटलं, आबांनी शेवटचे वेल लावले तेव्हा नानांची नोकरी निम्मी झाली असेल. त्यानंतर दर आखाजीला आबा सकाळी पारोळ्याच्या बाजारात जायचे, पारखून डांगर विकत घ्यायचे, घरी आणून त्याला नदीची वाळू चोळायचे आणि फाट्यावर जाऊन उभे राहायचे. नानांनी ती सगळी विकतची डांगरं खाल्ली होती. डेपोत मित्रांना फोडी वाटल्या होत्या, भावाच्या वाळूतलं आहे, ही चव दुकानात मिळत नाही म्हणून सांगितलं होतं.

नाना ओट्याच्या कडेवर बसले. "माले काबर नही सांगं मग?" त्यांनी विचारलं.

सुमनबाई म्हणाली, "डांगर नसतं तं तुनी गाडी थांबती का रे?"

 खांद्यावरचा रुमाल काढून नानांनी तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. सुमनबाईनं त्यांना पाणी दिलं आणि ती गंगाफळ उचलून आत घेऊन गेली. आतूनच म्हणाली की बरं झालं आणलंस, पितरांच्या जेवणात याची भाजी लागतेच, आणि उद्यासाठी केलेल्या बाजारहाटात नेमकं हेच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी झाली. घागरीवर सुमनबाईनं बाजारातून आणलेलं डांगर बसलं, शेजारी आंबा आणि सांजोरी. गंगाफळ नानांनी स्वतः चिरलं. साल दगडासारखी होती, विळा दोनदा सटकला, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आत गर्द केशरी निघालं. पुरणपोळी, आमरस, आणि त्याच्याशेजारी गंगाफळाची भाजी असा घास आबांच्या नावानं विस्तवावर पडला. पंगतीला भाऊबंद होते. भाजी कुणाच्या शेतातली, असं एकानं विचारलं. नाना म्हणाले, माझ्या. म्हणताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण कुणी हसलं नाही. दुसऱ्यानं आणखी भाजी वाढून घेतली.

नाना तिथे चांगले चार दिवस राहिले. नोकरीत असताना ते गावी कधी एक रात्रही टिकले नव्हते. ते रोज संध्याकाळी सुमनबाईबरोबर नदीपर्यंत जायचे. पात्रात आता दगड आणि बाभळी आहेत. डांगरवाडी कुठे होती ती जागा सुमनबाई दाखवायची, आणि ती दर वेळी वेगळी असायची.

ते परतले त्या सकाळी बागेत आखाजीला आलेल्या माहेरवाशिणींचा गलका होता. कडुनिंबाला झोका बांधला होता. नाना फाटकातून आत आले तसे सगळे गप्प झाले. सिस्टरांनी हातातला पाईप खाली ठेवला. मग नानांनीच सुरुवात केली. बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, लगेजपासून विस्तवातल्या घासापर्यंत. आबांच्या विकतच्या डांगरांचं सांगताना ते मध्येच थांबले. कमलबाईंनी नाक ओढलं. मग नाना म्हणाले की म्हणजे आमच्या घराण्यात डांगर कुणालाच येत नाही, माझ्यावर कशाला हसता. तेव्हा मात्र जे हसू दीड-दोन महिने बिबड्यांवर दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं. नानाही हसले, सगळ्यांच्या मागून आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

आता ऊन फार वाढलं आहे. बाग पहाटेच काय ती जागी असते, सूर्य घरांच्या वर आला की सगळे पळतात. गंगाफळाचा वेल काढून टाकायचा का, यावर बैठक झाली. नानांनी त्याला अजून फळ धरतंय म्हणून विरोध केला, आणि खरंच कुंपणापलीकडे, पानांच्या आड, कुणाला न दिसलेलं एक फळ निघालं. वेल राहिला, पण वाफ्यातल्या मोकळ्या जागेत पुढे काय लावायचं ते विचारायला नाना कमलबाईंकडे गेले. गिलके लावा, त्या म्हणाल्या, म्हणजे घोसाळी, आणि घरात जाऊन बी आणलं. देताना त्यांनी नुसतं नाव सांगितलं नाही, स्वयंपाकघरातून एक गिलकं आणून नानांच्या हातात ठेवलं, हे असं येईल म्हणून दाखवलं. नानांनी ते उलटसुलट करून नीट पाहिलं, वास घेतला, आणि खिशात घालून घरी निघाले. लिलाबाईंनी त्याची दुपारी भाजी केली.